बाचा गुडघा

माझा डावा गुडघा दोन पावसाळ्यांपासून धरतो, हे मी घरात कोणाला सांगितलेलं नाही. आता हे कागदावर आलं म्हणजे सुनेला कळेल, आणि ती मला बुलढाण्याला हाडांच्या डॉक्टरकडे नेल्याशिवाय राहणार नाही. नेऊ दे. त्या डॉक्टरसमोर मी सरळ चालून दाखवीन आणि परत येईन. आमच्या घराण्यात गुडघा ही साधी गोष्ट नाही. आमच्या गुडघ्यावरून एक सोयरीक मोडली आणि एक माणूस जिल्हा परिषदेवर निवडून आला. लोक म्हणतील म्हातारा वाढवून सांगतो. मी चौथी नापास माणूस. वाढवून लिहायला जी शाळा लागते ती मी शिकलोच नाही.

धाडच्या रस्त्याला आमचं गाव. मला तेव्हा मिसरूड फुटलं होतं, पण मताचं वय झालं नव्हतं. घरात आम्ही चौघं. बा, माय, मी, आणि माझ्या पाठची कावेरी. त्या घराची आठवण आली की मला आधी भाकरीची थाप ऐकू येते. मायची थाप जड होती. परातीवर हात पडला की गोठ्यातली म्हैस कान हलवायची. कावेरीची थाप हलकी आणि घाईची. बाहेर ओट्यावर दात घासता घासता मी सांगू शकायचो की आज भाकर कोणी केली. एका हिवाळ्यात मायची थाप कमी कमी होत गेली आणि मग बंदच झाली. तिच्या जागी खोकला आला. पहिल्यांदा आम्ही म्हटलं तुरीचा भुसा गेला असेल नाकात. मग म्हटलं मिरच्या कुटल्या म्हणून असेल. काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणायचो. माय मात्र तोंडाला पदर लावून आतल्या खोलीत जाऊन खोकायची, आणि परत आली की पदराचं ते टोक मुठीत धरून ठेवायची.

डॉक्टर गावात येऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. पुण्याकडचा माणूस. एस.टी. थांबते तिथली खोली भाड्यानं घेऊन बसला होता. एक फटफटी, एक कातडी पेटी आणि तोंडात शिव्या, एवढं घेऊन आला. आमच्या बाला तो पहिल्या दिवसापासून पटला नव्हता. बा म्हणायचा, "पुण्याकडचा शिकेल मानूस आपल्या धुळीत काऊन आला? तिकडं कायतरी करून आला असन." काय करून आला ते कोणालाच कधी कळलं नाही, आणि कळलं नाही म्हणूनच बाचा संशय कधी गेला नाही. पण फटफटीचा आवाज आला की बायका लेकरं घेऊन दारात उभ्या राहायच्या, हेही खरं. तो बिडी ओढणाऱ्याला बिडी ओढत असतानाच झापायचा. अंग दुखतं म्हणून सुई मागायला आलेल्याला हाकलून द्यायचा. आमच्याकडे सुई टोचल्याशिवाय औषध दिलं असं कोणी मानतच नाही, तरी तो म्हणायचा, "मला ठाऊक आहे कोणाला टोचायचं ते. घरी जा, पाणी पी, झोप." लोक चिडायचे आणि दुसऱ्या दिवशी परत त्याच्याकडेच जायचे.

मायला पाहायला मीच त्याला बोलावून आणलं. त्यानं नळी लावून मायची छाती पाहिली, पाठ पाहिली, पदराचं टोक मुठीतून सोडवून घेतलं आणि पाहिलं. मग तो काही बोलणार तेवढ्यात बा उठला आणि त्यानं दार लावलं. दिवसाढवळ्या आमच्या घराचं दार लागलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आत अंधार झाला आणि त्या अंधारात डॉक्टर म्हणाला, "क्षय आहे. बरा होतो. पण सुया घ्याव्या लागतील, एक दिवसाआड, वर्षभर तरी. मी येत जाईन."

आजच्या पोरांना सांगून कळायचं नाही. तेव्हा त्या आजाराचं नाव घराला लागलं की त्या घरचं पाणी कोणी पीत नसे. आणि कावेरीसाठी तर पाहुणे येऊ लागले होते. बा दाराला पाठ लावून उभा राहिला. म्हणाला, "डागदर साहेब, एक दिवसाआड तुमची फटफटी मायाच दारात थांबली त लोक पुसतीनच. त्याईले सांगा, मायाच गुडघ्याले झालं."

"कोणता गुडघा?" डॉक्टर म्हणाला.

"उजवा."

डॉक्टर हसला. पेटीतून पट्टी काढून त्यानं बाच्या चांगल्या धडधाकट गुडघ्याला ती गच्च बांधली, आणि म्हणाला, "पाटील, आता लंगडावं लागेल हं."

आणि आमचा बा लंगडायला लागला. ज्या माणसाला पोळ्याच्या दिवशी बैलांच्या पुढं छाती काढून चालताना सगळ्या गावानं पाहिलं होतं, तो काठी टेकत चालू लागला. त्याला किती जड गेलं असेल ते तो कधी बोलला नाही. गावानं मात्र त्याच्या गुडघ्याची फार काळजी घेतली. कोणी निरगुडीचा पाला आणून दिला, कोणी एरंडाची पानं शेकून बांधायला सांगितली. एका म्हातारीनं मोहाचं तेल आणून स्वतःच्या हातानं चोळलं, आणि बा खोटा खोटा कण्हत बसून राहिला. माय आत ते ऐकून हसायची, आणि हसता हसता तिला खोकला यायचा, मग बा बाहेर आणखी मोठ्यानं कण्हायचा. एकदा धाडच्या बाजारात तो चुकून डाव्या पायानं लंगडला. आमच्या शेजारचा महादू ते पाहून म्हणाला, "का गा, आजार इकडून तिकडं गेला काय?" बा थांबला नाही की गडबडला नाही. "वात हाय तो," म्हणाला, "फिरतो."

डॉक्टरही पक्का होता. पारावर कोणी पुसलं तर तो पाटलाच्या गुडघ्यात पाणी कसं साचतं, हाड हाडावर कसं घासतं, ते हातवारे करून सांगायचा. ऐकणाऱ्यांचे गुडघे दुखायला लागायचे. बा घरी येऊन म्हणायचा, "मानूस पुण्याकडचा हाय, पण खोटं आपल्या गावचं बोलते." बाच्या तोंडून त्या डॉक्टरचं निघालेलं कौतुक ते एवढंच. माय हळूहळू सुधारली. तिचं ताट-तांब्या आम्ही वेगळं ठेवलं होतं, ते कावेरी राखेनं घासून मडक्यामागं लपवायची. वर्ष गेलं, त्यावर काही महिने गेले, आणि एका सकाळी ओट्यावर असताना मला आतून जड थाप ऐकू आली. मी दात घासणं सोडून आत गेलो. माय ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर थापत होती. डोळ्यांत धूर गेला म्हणाली. चूल पेटलीही नव्हती.

कावेरीची सोयरीक त्याच दिवसांत जुळली. देऊळगाव राजाकडचं घर होतं. मुलाचे वडील भगवानराव मोठे शेतकरी, तिकडं त्यांच्या शब्दाला मान होता. कुंकू लावून गेले होते. साक्षगंध तेवढं राहिलं होतं. मुलगा मी पाहिला होता, चांगला होता. कावेरी काही बोलत नव्हती, पण भाकरीवर तिची थाप जरा जड पडू लागली होती.

आणि नेमकं तेव्हाच डॉक्टरचं वागणं बदललं. ते आधी ओळखलं बानंच. एका संध्याकाळी जेवताना तो अंबाडीच्या भाजीत भाकर कुस्करायची सोडून म्हणाला, "डागदर शिव्या देऊन नाई राह्यला."

माय म्हणाली, "बरं झालं न मंग."

"बरं कायचं? महादू आज त्याच्यासमोर बिडी प्याला. डागदर हसला. आन् मले म्हणते, 'पाटील, मले तुमचा गुडघा बरा दिसून राह्यला.' काल परवालोक 'मला' म्हणे. आज 'मले' म्हणते. कायतरी मांगणार हाय हा."

बाचं म्हणणं खरं निघालं. सुई मागेल त्याला सुई मिळू लागली. पेटीबरोबर फटफटीवर एक पांढरी टोपी दिसू लागली. आठवड्याभरात बातमी आली की डॉक्टर जिल्हा परिषदेला उभा आहे, अपक्ष, आणि निशाणी खाट. त्याच्या विरोधात होते आमच्याच भावकीतले आबाजी, बाचे चुलतभाऊ, आधीपासून त्या जागेवर बसलेले. आबाजींना ती निशाणी फार आवडली. ते गावोगाव सांगत फिरले, "डागदराले बरी खाट भेटली. तुमाले तिच्यावर निजवल्याबिगर थो काई राह्यत नाई!" लोक पोट धरून हसायचे. पण आबाजी नुसते हसवून थांबणारे नव्हते. एक दिवस ते आमच्याकडे येऊन बसले, गुळाचा चहा बशीत ओतून प्याले आणि आवाज खाली करून म्हणाले, "दादा, हसन्याची गोठ नाई. ह्या मानसाच्या हातात साऱ्या गावाच्या नाड्या हायेत. कोणाच्या सुनेले काय होते, कोणाच्या पोरीले काय होते, त्याले सारं माहीत. मत नाई देलं त उद्या चवाठ्यावर सांगन. मंग?"

आबाजींना मायचं काही ठाऊक नव्हतं. ते सगळ्या घरी जाऊन हेच सांगत होते. पण बाचा चेहरा मी पाहिला. ते गेल्यावर बा काठी न घेताच अंगणात येरझारा घालू लागला आणि कावेरीनं धावत जाऊन काठी त्याच्या हातात दिली.

त्या दिवसापासून बाला डॉक्टरचं सगळंच वेगळं दिसू लागलं. डॉक्टर रस्त्यात भेटून हसला तर बा म्हणायचा, काऊन हसला? नाही हसला तर म्हणायचा, काऊन नाई हसला? डॉक्टरची फटफटी देऊळगाव राजाच्या रस्त्यानं गेली असं कोणी सांगितलं तर रात्रीचं जेवण त्याला गोड लागायचं नाही. मीही काही कमी नव्हतो. सायकल घेऊन डॉक्टर कोणाच्या ओट्यावर बसतो, कोणाच्या कानाला लागतो, ते पाहत फिरायचो. माय एकदा चिडून म्हणाली, "त्यानं मले उठवलं. तुमाले बापलेकाले त्याचं काई नाई काय?"

बा म्हणाला, "डागदर होता तवा उठवलं. आता थो पुढारी हाय. पुढाऱ्यानं कोणाले उठवलेलं म्या पाह्यलं नाई."

डॉक्टरची सभा महादेवाच्या देवळासमोर पारावर झाली. दुपारची वेळ. बायकाही पदर सावरून भिंतीच्या कडेला बसल्या होत्या. डॉक्टर बरं बोलला. रस्ता करीन, दवाखान्याला पक्की इमारत आणीन, दाई नेमीन, असं सगळं. 'मले' आणि 'तुमाले' त्याच्या तोंडात अजून नीट बसत नव्हतं. बोलून झाल्यावर तो खाली उतरणार तेवढ्यात आमचा बा काठी टेकत, उजवा पाय ओढत पुढं गेला.

"डागदर साहेब, तुमी आमच्या साऱ्याच्या घरात येल हा. आमच्या बायकालेकराच्या अंगाले हात लावेल हा. तुमी निवडून आले, न आमी मत देलं नसलं, त आमच्या घरचं बाहेर सांगणार नाई, ह्याचा भरोसा काय?"

सगळ्यांच्या मनातलंच होतं ते. डॉक्टर म्हणाला, "पाटील, मी आजवर कोणाचं सांगितलं काय?"

"आजलोक तुमी उभे नव्हते." बानं काठी देवळाकडे केली. "उचला बेल-भंडारा. ह्या गावातल्या कोणाच्या आजाराचा शब्द तोंडातून काढनार नाई म्हणा. खरा नाई न खोटाही नाई."

आमच्याकडे महादेवाचा बेल आणि हळदीचा भंडारा हातात घेऊन माणूस जे बोलला ते मोडत नाही. मोडलं तर त्याच्या दारात कोणी उभं राहत नाही. पुजाऱ्यानं आतून ताट आणलंही. डॉक्टरनं त्या ताटाकडे पाहिलं नाही. त्यानं बाच्या उजव्या गुडघ्याकडे पाहिलं. मग हळू म्हणाला, आणि हे म्हणताना तो परत आपलं जुनं बोलला, "खोटंही नाही? पाटील, नीट विचार करा."

मी तिथंच बाच्या मागं उभा होतो. मला वाटलं हा पळवाट शोधतो आहे. बालाही तेच वाटलं असणार. छाती काढून तो म्हणाला, "इचार करूनच बोललो. खोटंही नाई."

डॉक्टरनं बेल-भंडारा उचलला. कपाळाला लावला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बायकांनीही. बा माझ्या खांद्यावर हात ठेवून घरी आला, आणि त्या दिवशी पोटभर जेवला.

भगवानराव आले ते त्यानंतर थोड्याच दिवसांनी, साक्षगंधाचं पक्कं करायला. सोबत त्यांचे दोन नातेवाईक होते. धाडहून जीपनं येताना वाटेत बसवून घेतलेल्या कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की पाटलाच्या दारात डॉक्टरची फटफटी वर्ष-दीड वर्ष उभी राहत होती. घरात पुरणाचे मांडे चालले होते. माय स्वतः खापरावर बसली होती. भगवानरावांनी पाणी घेतलं, चहा घेतला, बाच्या गुडघ्याची विचारपूस केली. मग मला बोटानं खुणावून अंगणाबाहेर नेलं.

"किसनराव, गुडघ्याला दीड वरीस सुया?"

"हाव," मी म्हटलं. "वात हाय. फिरतो."

"आमच्याकडं बी वात असतो. एवढ्या सुया कुणी घेत न्हाई. चला, डाक्टरचं घर दाखवा. त्येच्या तोंडून ऐकलं की माझं मन मोकळं व्हईल."

मी मनात हसलो. म्हटलं, चला. डॉक्टर हाड हाडावर कसं घासतं ते सांगेल, हातवारे करील, आणि ह्यांचेच गुडघे दुखायला लागतील. शपथेचं माझ्या डोक्यातही नव्हतं. दवाखान्याच्या पायरीवर मी चढलो आणि डॉक्टरचं तोंड पाहिलं, तेव्हा ते माझ्या डोक्यात आलं.

आत पाच-सहा माणसं बसलेली, दोन बायका. भगवानरावांनी रामराम केला, आपली ओळख सांगितली आणि सरळ विचारलं, "पाटलाच्या घरी तुमी कुनाला सुया देत होता? गुडघ्याच्याच ना?"

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी त्याला सांगितलं, म्हण गुडघा. एकदा म्हण. आजवर शंभरदा म्हणालास. दवाखान्यातले सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत होते. त्यानं हातातली सुई उकळत्या पाण्यात ठेवली, झाकण लावलं आणि म्हणाला, "मी ह्या गावात कोणाच्या आजाराबद्दल बोलत नाही. शपथ आहे."

"सांगू नका काय झालं ते. नुसतं गुडघा होता, व्हय की न्हाई?"

"मी बोलत नाही."

भगवानराव मान हलवून खाली उतरले. आमच्याकडे गप्प राहिलेल्या माणसानं सगळं सांगितलं असं धरतात. मीही तसंच धरतो, आजही.

ते परत आले, पण पाटावर बसले नाहीत. मांड्यांचं ताट वाढलेलं, दुधाची वाटी भरलेली. बानं विचारलं, "पाव्हणे, काय झालं?"

"डाक्टर काहीच बोलला न्हाई."

"मंग अडचन काय?"

"तीच अडचण हाय, पाटील."

बानं माझ्याकडे पाहिलं. त्याला तेव्हा कळलं. खोटंही नाई, हे त्याचेच शब्द होते. अंगणात आमची भावकी बसलेली, आबाजी होते, महादू कुंपणावरून पाहत होता. बा उठला. काठी त्यानं भिंतीला टेकवून ठेवली आणि अंगणाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, पोळ्याला चालायचा तसा, छाती काढून सरळ चालत गेला. तिथून वळला आणि तसाच परत आला. मग भगवानरावांच्या समोर उभा राहून म्हणाला, "माया गुडघ्याले कधीच काई झालं नव्हतं. आजार माया घरधनीनीले होता. खोकल्याचा. मोठा. आता बरी हाय. हे मांडे तिच्याच हातचे हायेत. खायाचे असतीन त बसा."

माय दारात येऊन उभी राहिली होती. तिचा पदर तोंडावर नव्हता. भगवानरावांनी तिला हात जोडले, वाईट काही बोलले नाहीत, पण बसलेही नाहीत. त्यांच्या जीपची धूळ खाली बसेपर्यंत आम्ही सगळे तसेच उभे होतो. कावेरी आत होती. ती रडत असेल म्हणून मी गेलो, तर ती मडक्यामागून मायचं ताट आणि तांब्या काढत होती. ती दोन्ही तिनं बाहेर आणली, सगळ्यांच्या देखत फळीवर बाकीच्या भांड्यांत ठेवली आणि म्हणाली, "मांडे थंडे होऊन राह्यले. कोणी जेवनार हाय का नाई?"

जेवणारा पहिला महादू होता, हे मी लिहून ठेवतो. आबाजी आले होते जेवायलाच, पण गेले.

मी मात्र जेवलो नाही. सायकल घेऊन निघालो आणि डॉक्टरची फटफटी ओढ्याच्या उतारावर अडवली. "एक शब्द बोलले असते! गुडघा. त्यात तुमचं काय जात होतं?"

"तुझ्या बापानंच माझ्या हातात बेल दिला, किसन."

"मंग डागदर होते तवा आमच्यासाठी खोटं बोलत होते, न पुढारी झाले त खरे झाले? असं कोणाचं होते?"

त्यानं फटफटीला लाथ मारली आणि गेला.

आता निवडणुकीचं सांगतो. सगळ्यांना वाटलं डॉक्टर पडणार, भल्या घरची सोयरीक मोडली त्यानं. आबाजींची माणसं तेच ओरडत फिरत होती. पण ओरडून ओरडून त्यांनीच ती गोष्ट गावोगाव पोचवली, आणि लोकांनी तिचा दुसराच अर्थ घेतला. पोरीचं लग्न मोडलं, पण डागदरानं तोंड उघडलं नाही. समोर सोयरा उभा, दवाखाना भरलेला, तरी नाही. कोणाच्या घरात झाकायला काही नसतं? बायका रांगा लावून आल्या आणि खाटेवर शिक्का मारून गेल्या. डॉक्टर निवडून आला. आबाजी आमच्याशी बरीच वर्षं बोलले नाहीत. एकदाच बोलले ते हे, "दादा, तुया गुडघ्यानं मले पाडलं." बानं मत कोणाला दिलं ते त्यानं मायलाही सांगितलं नाही.

मी तेव्हापासून एकाच गोष्टीवर अडून आहे. डॉक्टर दवाखान्यात गप्प बसला तो शपथेसाठी, की समोर बसलेल्या त्या पाच-सहा माणसांसाठी? तेवढ्या साक्षीदारांसमोर गप्प बसण्याचं मोल कळू नये, एवढा तो भोळा नव्हता. माझी सून म्हणते, बाबा, तुम्ही फार संशयी. असेन. पण ज्यानं शंभरदा खोटं हसत सांगितलं, त्याच्या एका गप्प बसण्यावर मी लगेच का विश्वास ठेवू? बाचं चुकलं असंही मी म्हणत नाही. विचारायला पाहिजे ते त्यानं विचारलं.

डॉक्टर मोठा झाला. बुलढाण्याला राहायला गेला. रस्ता झाला, दवाखान्याची पक्की इमारतही झाली, पण तिच्यात बसायला तो नव्हता. त्याच्या जुन्या खोलीत पुढं चक्कीवाला आला. कावेरीचं लग्न दुसरबीडला झालं, सगळं सांगून, आजाराच्या नावासकट. आज तिला नातवंडं आहेत, आणि फोनवर ती अजून मलाच झापते. माय खूप वर्षं जगली आणि शेवटपर्यंत तिची थाप जड होती.

बाचा गुडघा मात्र म्हातारपणी खरंच गेला. उजवाच. सुजून नारळासारखा व्हायचा. सकाळी अंथरुणातून उठताना तो दातावर दात धरायचा ते मला दिसायचं. पण अंगणात पाय ठेवला की सरळ. काठी आणून दिली तर फेकून द्यायचा. सगळ्या गावादेखत ज्या अंगणात त्यानं सरळ चालून दाखवलं होतं, त्या अंगणात तो परत लंगडणार नव्हता. मी म्हटलं, "बा, दाखवू कोणाले?" तर म्हणे, "काय दाखवतं? काय झालं मले?"

अशा एका दुपारी डॉक्टर आला. टोपी नव्हती, माणसं नव्हती, फटफटीही नव्हती. एस.टी.नं आला होता, केस पांढरे झालेले. शेवटच्या दोन निवडणुका तो हरला होता, हे आम्ही ऐकून होतो. मला वाटलं परत उभा राहणार असेल, आला मत मागायला. बा बाजेवरून उठला आणि दारापर्यंत सरळ चालत त्याला घ्यायला गेला. डॉक्टर उभा राहून ते चालणं पाहत होता. मायनं पोहे केले. डॉक्टरनं तिची नाडी पाहिली, छाती पाहिली, आणि उगाच तिला झापलं, पाणी कमी पितेस म्हणून. खूप वर्षांनी मी त्याच्या तोंडून झापणं ऐकलं.

मग बाकडे वळून तो म्हणाला, "उजवाच ना?"

"काय उजवा?" बा म्हणाला.

"दाखवा, पाटील. कोणाला सांगणार नाही. शपथ आहे मला."

बानं त्याच्याकडे पाहिलं. मी म्हटलं आता हाकलतो. पण तो मला म्हणाला, "किसन, दार लाव."

मी उठून आतून कडी घालायला गेलो.

"भायेरून," बा म्हणाला.

मी बाहेर ओट्यावर बसलो. आतून काही ऐकू आलं नाही, मी कान देऊनही. खूप वेळानं दार उघडलं. बा बाजेवर बसला होता, धोतर नीट सारखं केलेलं. डॉक्टरला मी एस.टी.पर्यंत पोचवायला गेलो. वाटेत विचारलं, "काय म्हणे बा? लई दुखते काय त्याले?"

डॉक्टर चालता चालता थांबला. "मले शपथ हाय," म्हणाला.

त्या 'मले'मध्ये मत मागणं नव्हतं. निदान मला तरी सापडलं नाही, आणि गाडी येईपर्यंत मी ते शोधत होतो.